बुधवारचा शिवणवर्ग

शुक्रवार, ११ जानेवारी १९५७

ही वही ह्यांनी मला पाककृती उतरवून ठेवायला आणून दिली. पहिल्या चार पानांवर वालाचं बिरडं आणि खाजाचे कानवले लिहून ठेवलेत. कुणी उघडलीच तर तेवढंच दिसावं. इथून पुढे मी माझं लिहिणार आहे, कारण ऐकायला दुसरं कुणी नाही.

लग्नाला एक वर्ष आठ महिने झाले. आणि मी अजून... पुढचा शब्द लिहायला किती वेळ पेन नुसतं धरून बसले. मी अजून कुमारिका आहे. झालं लिहून.

हे वाईट नाहीत. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. पण हे जवळ आले की माझं अंग आतून बंद होतं. मी मनाशी म्हणते, आज नाही असं होऊ द्यायचं. दात आवळते. तरी ते बंदच. मग इतकं दुखतं की तोंडून आवाज निघतो, आणि हे विस्तवाला हात लागल्यासारखे मागे सरतात. दिवाळीपासून हे गॅलरीत झोपतात. सासूबाईंना सांगितलंय, आत उकडतं. थंडीच्या दिवसांत!

माझी किळस आली असणार. दुसरं काय?

गुरुवार, १७ जानेवारी

खालच्या मजल्यावरच्या मालनकडे हळदीकुंकू होतं. तिचा धाकटा मांडीवर खेळत होता. तिळगूळ हातावर ठेवताना म्हणाली, "काय गं उत्तरा, तुझ्याकडचे पेढे कधी? का अजून लाजताच आहात दोघं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आता मला ते छान जमतं.

जिना चढताना सासूबाई मध्येच थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "आमचा नंदू नऊ वर्षांनी झाला. नऊ वर्षं." मग पुन्हा चढू लागल्या. टोमणा कळला मला. त्यांनी नऊ वर्षं उपासतापास केले, आणि मी काय करते आहे? येत्या सोमवारपासून मीही उपास धरते.

रविवार, ३ फेब्रुवारी

बोरीवलीला मोठ्या दिरांकडे जेवायला गेलो होतो. नंदकुमारभावजी, म्हणजे सासूबाईंचे नंदू, एका वकिलाच्या कचेरीत आहेत. मी आणि जाऊबाई आत कांदा चिरत होतो. बाहेर भावजी ह्यांना सांगत होते ते ऐकू येत होतं.

"शरद, मूल नाही, तू गॅलरीत झोपतोस. आई सांगत होती. मी काय दूधखुळा आहे? नव्या कायद्यात सोय आहे. बाई संसाराला असमर्थ आहे असा डॉक्टरचा दाखला मिळाला की लग्नच रद्द ठरवून घेता येतं."

जाऊबाईंनी एकदम पाटा धुवायला घेतला, मुद्दाम आवाज करत. त्या मनाने चांगल्या आहेत. तरी ह्यांचं उत्तर मला ऐकू आलंच. हे म्हणाले, "त्यात ती मोकळी होईल का? दुसरं लग्न करता येईल तिला?"

म्हणजे मला वाटेला लावायचं ठरलंच. पुढे कुठे खपवायचं तेवढं विचारून घेत होते.

"कांदा तिखट आहे आज," जाऊबाई म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दाखला मिळवायचाच असेल तर निदान काय झालंय ते मला आधी कळू दे, असं म्हणून स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे एकटी गेले. पडद्यापलीकडे कंपाउंडर पुड्या बांधत होता. आधी सांगितलं पोटात दुखतं. मग म्हटलं कंबर दुखते. तिसऱ्यांदा खरं सांगितलं.

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "अहो, सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं. मन घट्ट करा. एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं." टॉनिकची बाटली दिली. पुड्या बांधणारे हात पडद्यामागे थांबलेले मला कळले. बाटली येताना गटारात ओतली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

पेणहून आईचं पत्र आलं. मी आडून आडून लिहिलं होतं, पण तिला समजलं. लिहिते, "बाईच्या जन्माला सोसणं आलंच. माणिकने नाही का सोसलं?"

माझ्या थोरल्या बहिणीचं, माणिकताईचं, नाव कशाला काढलं, कळत नाही. ती पहिल्या बाळंतपणात गेली, बाळासकट. मी अकरा वर्षांची होते. दिवसभर माजघराच्या दारात गरम पाण्याचं घंगाळ घेऊन उभी होते, आणि आत मला कुणी घेतच नव्हतं. तिचं ओरडणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण त्याचा इथे काय संबंध?

शुक्रवार, ८ मार्च

आज जे झालं ते अजून खरं वाटत नाही.

भांडुपच्या कोळीवाड्यातली सरूबाई आमच्याकडे मासळी घेऊन येते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. जिन्यावर बसून मांदेली साफ करता करता ती माझ्याकडे बघत होती.

"काय गो बाय, जेवतं का नाय तू? सुकून चालली."

एवढंच. आणि मला रडू फुटलं.

तिने कोयता बाजूला ठेवला. "नवरा मारतो?"

"नाही."

"दुसरी हाय त्याची?"

"नाही गं."

"मंग जवल नाय घेत?"

मी जिन्याखाली बघितलं. कुणी नव्हतं. आईला लिहिता आलं नाही, डॉक्टरपुढे धड बोलता आलं नाही, ते मी सरूबाईला दोन वाक्यांत सांगून टाकलं. ती हसली नाही, तोंडावर हातही नाही ठेवला.

"माजे सुनंला आसंच व्हतं. महादूचे बायकोला. भगत झाला, उतारा झाला, कोंबरा कापला. काय नाय झाला. मंग घाटकोपरला डाक्टरीन बाय हाय, दर बुधवारी बसते बायकांचे दवाखान्यान, तिनं बरी केली."

"काय केलं तिने?"

"त्ये मी नाय इचारलं. पन सून हसाया लागली." मग मांदेली ताटात ओतून म्हणाली, "जा तू. लाज वाटंल. तरी जा."

बुधवार, १३ मार्च

घरी सांगितलं, घाटकोपरला शिवणवर्ग आहे, दर बुधवारी. सासूबाई "बरं" म्हणाल्या. दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. बाकावर सात-आठ बायका होत्या. एकीने सरकून जागा केली आणि मी तशीच मागे फिरले. येताना निळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, दाखवायला.

बुधवार, २० मार्च

आज आत गेले.

डॉक्टरांचं नाव मृणालिनी सामंत. पन्नाशीच्या असतील. मनगटावर पुरुषी घड्याळ, आवाज शाळेतल्या कवायतीच्या बाईंसारखा. मला वाटलं आता रागावणार. म्हणाल्या, "आज तपासणार नाही. आज नुसतं बोला." मी टेबलाकडे बघून सगळं सांगितलं. टेबलावर शाईचा डाग होता, तो आता मला पाठ झालाय.

माझं संपल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली आणि एकदम माझ्या डोळ्यासमोर आणली. मी डोळा मिटला.

"का मिटलात?"

"मी नाही मिटला. मिटला गेला."

"तेच. तुमचा दोष नाही, नवऱ्याचा नाही. खालचे स्नायू भीतीने असेच मिटतात, तुम्हाला न विचारता. पापणीला धाक घालून ती उघडते का? नाही. तिला हळूहळू कळावं लागतं की टोचणारं काही नाही."

मी विचारलं, असं आणखी कुणाला होतं का.

"गेल्या वर्षी या खुर्चीवर सतरा जणी बसल्या."

सतरा! मुलुंडला उतरून पाच रस्त्यांच्या चौकातून घरी येईपर्यंत दिसेल त्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. भाजी निवडणारी, मुलाला ओढत नेणारी, उन्हाची छत्री मिटणारी. कुणाच्याच तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं. माझ्याही नसेल.

बुधवार, ३ एप्रिल

डॉक्टरांनी तपासलं. आधी प्रत्येक गोष्ट सांगायच्या, मग विचारायच्या, "चालेल?" मी नाही म्हटलं की थांबायच्या. दोनदा नाही म्हटलं. दोन्ही वेळा त्या खरोखरच थांबल्या, आणि का कोण जाणे, त्याचंच मला रडू आलं.

मग कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठे काय आहे ते. घरी आरसा घेऊन बघायचं. मग करंगळीला खोबरेल लावून, श्वास सोडत, अगदी थोडं. "दुखलं की थांबायचं. दात आवळून सोसायचं नाही. सोसणं हे औषध नव्हे."

आईला हे कोण सांगणार!

आणि मी सांगेपर्यंत नवऱ्याने प्रयत्न करायचा नाही, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगायचं, म्हणाल्या. मी म्हटलं, ते गॅलरीतच असतात. "तरी सांगा. गॅलरीत असणं आणि ठरवून थांबणं या दोन गोष्टी आहेत."

शनिवार, २० एप्रिल

सतरा दिवस सांगायचं सांगायचं म्हणत होते. शेवटी आज चार वाजता, सासूबाई बाहेर असताना, डॉक्टरांचं चित्र ह्यांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मग धीर करून बाहेर आले आणि पेन्सिल डोळ्याजवळ आणली तर काय होतं ते, सगळं, भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

हे कागद बघत राहिले. कान लाल झाले होते. मग खिशातली पेन्सिल काढली. हे भायखळ्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत.

"हे मापात नाही," म्हणाले.

"काय?"

"चित्र. प्रमाण चुकलंय. ही बाजू एवढी आली तर ही इकडे..." आणि आपण काय बोलतो आहोत ते एकदम लक्षात आलं. मला हसू आवरेना. मग हेही हसले. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीला हसलो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

"कुठे दुखतं तुला?" ह्यांनी विचारलं. मी कागदावर बोट ठेवलं.

"इथेच?"

"हो."

"मला वाटायचं, सगळीकडे."

कागद घडी घालून परत दिला. मला वाटलं होतं, आज आत झोपतील. नाही झोपले.

बुधवार, ८ मे

करंगळीच्या पुढची पायरी म्हणून डॉक्टरांनी काचेच्या चार नळ्या दिल्यात, एकीपेक्षा एक जाड, फडक्यात गुंडाळून. पहिली पेनाएवढी. एक जमली की पुढची. वापरण्याआधी पाण्यात उकळायच्या. त्याला मी जुनं दुधाचं पातेलं बाजूला काढलंय. दुपारी सासूबाई पडल्या की वेळ मिळतो, पण कान सगळे त्यांच्या कूस बदलण्याकडे असतात.

परवा पातेलं शेगडीवर होतं आणि त्या अचानक आत आल्या. बघितलं. काही विचारलं नाही. कालपासून दोन ते तीन मालनकडे जाऊन बसायला लागल्यात, तिच्या पोराला सांभाळायला. बरंच झालं.

आज मी निघताना म्हणाल्या, "तुझ्या शिवणाच्या बाईंना सांग, घाई नको म्हणावं. हळूहळूच येतं ते." शिवणात कसली आली आहे घाई? वय झालं की माणसं काहीही बोलतात.

मंगळवार, १८ जून

दुसरी नळी आठ दिवस जमत नाही. पहिलीसुद्धा काल नाही. सगळं पुन्हा पहिल्यासारखं. नळी धुतली, पुसली, गुंडाळली, आणि फरशीवर बसून राहिले.

टेबलावर बोरीवलीचं पत्र होतं, ह्यांनी फोडलेलं. "काय ठरलं ते कळव. वकील तयार आहेत." ह्यांनी उत्तर लिहिलेलं नाही. मी आपणहून 'जाते' म्हणेन, याची वाट बघत असतील. मीच म्हणायला हवं का? आज जेवताना तीन वेळा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा ताक, आणि एकदा नुसतंच मिटलं.

बुधवार, १७ जुलै

डॉक्टरांनी ह्यांना बोलावून घेतलं. चिठ्ठी मीच नेली. मला वाटलं येणार नाहीत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. बायकांच्या बाकावर टोकाला, मांडीवर ओली छत्री घेऊन, शाळेतून घालवून दिलेल्या मुलासारखे बसले होते.

आत डॉक्टरांनी थेट विचारलं, "तुम्हाला या सगळ्यात काय वाटतं?"

हे छत्रीशी बोलले. "मला वाटायचं, मी हिला मारतोय. रोज थोडं थोडं. हिच्या तोंडून तो आवाज आला की... म्हणून बाहेर झोपायला लागलो."

"आणि हिला काय सांगितलंत?"

"उकडतं म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला राहवलं नाही. "मग बोरीवलीला मला मोकळं करायचं म्हणालात ते?"

ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू ऐकलंस? मला वाटलं मी तुला नकोसा आहे. तुझं तरी दुसरीकडे नीट व्हावं. पण लिहायला बसलो की हात चालेना. महिना झाला, ते पत्र तसंच पडलंय."

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" डॉक्टर म्हणाल्या.

घरी येऊन ह्यांनी बोरीवलीला दोन ओळींचं कार्ड टाकलं. टाकण्याआधी मला वाचायला दिलं. वकिलांची गरज नाही, एवढंच होतं. आज अंथरूण आत घातलंय. मध्ये एक उशी आहे, पण आत घातलंय.

सोमवार, २६ ऑगस्ट

सासूबाई चार दिवस बोरीवलीला गेल्या आहेत. चौथी नळी जमून पंधरवडा झाला होता. काल रविवारी दुपारी झालं. मध्ये मी एकदा थांबा म्हटलं, हे थांबले, मग मीच चला म्हटलं.

दुखलं नाही. फार काही सुख वाटलं असंही नाही, खोटं कशाला लिहू? दुखलं नाही, एवढंच, आणि तेवढंच मला आभाळाएवढं. नंतर हे रडले. मी उठून चहा केला.

आज सकाळपासून वाटतंय कुणाला तरी सांगावं. मुलगी पास झाली तर पेढे वाटतात. हे कुठे वाटायचं? आईला पत्र लिहायला घेतलं. "इकडे सर्व क्षेम" याच्या पुढे गेलं नाही. मालन जिन्यात भेटली, म्हणाली, "आज खुशीत दिसतेस." मी म्हटलं, "हो, आमटी चांगली झाली."

बुधवार, ४ सप्टेंबर

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी टेबलावर हात आपटला, इतका की बाहेरची बाई दारातून डोकावली. मग माझ्या कार्डावर काहीतरी लिहिलं आणि ते दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. "छान. आता येऊ नका. तुमची जागा दुसरीला द्यायची."

त्या आनंदाने म्हणाल्या. मला मात्र बाहेर येऊन बाकावर बसावं लागलं. इतके बुधवार मी या दारातून आत जात होते, आणि आत एक माणूस होतं जे मला विचारायचं, मग थांबायचं, मग ऐकायचं. बरी झाले म्हणून ते गेलं. हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

सरूबाई दुपारी आली तेव्हा तिलाच सांगितलं, बरी झाल्याचं. "मंग रडते कशाला?" म्हणाली. "ती बाय डाक्टरीन हाय, तुजी आयशी नाय. घरान बोलाया शिक आता."

ह्यांना सांगितलं. म्हटलं, "दर बुधवारी मी तिथे बोलायला जायचे. आता कुठे जाऊ?"

ह्यांनी बराच विचार केला, एखादं माप घेत असल्यासारखा. "बुधवारी मी साडेपाचला निघेन," म्हणाले.

बुधवार, ११ सप्टेंबर

निघाले खरोखर. साडेसहाला दारात हजर. सासूबाईंनी मला चप्पल घालायलाही वेळ दिला नाही, "जा, जा, भात मी टाकते." आम्ही डोंगराच्या बाजूने भातखाचरांपर्यंत चालत गेलो. अर्धा रस्ता हे काही बोलले नाहीत, मी वाट बघितली. मग कारखान्यातल्या कुणा गुणाजीची गोष्ट सांगितली, तो यंत्राच्या आवाजात भजनं म्हणतो आणि कुणालाच ऐकू येत नाहीत. गोष्ट बरी होती.

मग मी माझं सांगितलं. लग्नाआधी पेणच्या शाळेत मी दोन वर्षं शिकवायचे. इथल्या मुलींच्या शाळेत जागा निघाली आहे. मला अर्ज करायचा आहे.

"आत्ता?" हे थांबलेच. "आता तर कुठे सगळं नीट झालंय. आता मूल..."

"मूल एवढ्यात नको मला."

"मग हे एवढं सगळं आपण कशासाठी केलं?"

"तुमचं मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "मी माझ्यासाठी केलं."

रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता, तो वळून बघायला लागला, इतका माझा आवाज चढला होता. ह्यांचाही चढला. मी कुणाला विचारून ठरवलं, आईला काय सांगायचं, लोक काय म्हणतील, सगळं निघालं. मी म्हटलं लोकांना शिवणवर्ग सांगू. त्यावर हे आणखी भडकले. लग्नानंतर आमचं हे पहिलं भांडण.

परत येताना हे चार पावलं पुढे चालत होते. घरी येऊन पाय धुतले, जेवले, पान उचलून उठले. एक शब्द बोलले नाहीत. आता टेबलाशी पाठ करून बसलेत आणि तीच पेन्सिल पुन्हा पुन्हा तासताहेत.

अर्ज मी उद्या करणार आहे. हे आणखी दोन दिवस तरी बोलणार नाहीत, असं दिसतंय. पण आज हे का गप्प आहेत, ते मला ठाऊक आहे.